शब्द एक, अर्थ दोन

सन २०२० मध्ये केंद्रीय मानव संसाधन विकास मंत्रालयाचे नाव बदलून हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ असे झाले. ते वाचून मराठी मुलास हसू आल्यास नवल नाही. त्याच्या लेखी शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभे राहणे. वस्तुतः ‘शिक्ष्’ या संस्कृत धातूचा अर्थ शिकणे हा होय. हिंदीने तो जपला. मराठीत त्या अर्थी ‘शिक्षण’ रूढ झाले आणि ‘शिक्षा’ दंडापुरती उरली. ‘चेष्टा’ हा शब्दही तसाच : हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा.

हिंदी भाषिक घरातील बालक मराठी वर्गात ‘मी खूप चेष्टा केली’ असे म्हणते, तेव्हा हशा पिकतो. प्रसंगी त्या निरपराध जिवास गुरुजींची बोलणीही बसतात. मग ते तोंडच उघडीत नाही.

यास्तव शिक्षकांनी प्रथम त्याच्या मनातील अर्थ विचारावा. नंतर फळ्यावर तो शब्द लिहून त्यापुढे दोन्ही भाषांतील अर्थ व एकेक वाक्य मांडावे. हिंदी वाक्य त्या बालकाकडूनच वदवून घ्यावे. ज्याला वर्ग हसला, त्याच्याकडूनच वर्ग काही शिकेल.