खाल्ल्या मिठाची गोष्ट

परवा लेक सुट्टीला आली ती विटेएवढं जाड पुस्तक घेऊनच. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स', २००० सालचं. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ज्यांवरून निघाली, त्या कादंबऱ्यांमधलं तिसरं. "आई, लग्नाचं प्रकरण रात्री वाचू नकोस हं!" मी अर्थातच रात्रीच वाचलं.

तरुण राजा रॉब एका घराण्याला दिलेला लग्नाचा शब्द मोडतो. मग त्याच घरातली मुलगी त्याच्या मामाला द्यायचं ठरतं. वऱ्हाडाला पाव-मीठ खाऊ घालतात आणि भर लग्नात रॉबला नि त्याच्या आईला मारतात. झोप कसली लागतेय?

सकाळी लेक म्हणाली, "अगं, हे स्कॉटलंडमध्ये खरंच घडलंय." मार्टिननीच तसं सांगितलंय म्हणे. एक १४४० सालचं. एडिंबरोच्या किल्ल्यात दहा वर्षांच्या राजासमोर डग्लस घराण्यातल्या दोन पोरसवदा भावांना जेवायला बोलावून मारलं. ताटात बैलाचं काळं मुंडकं आणलं, ही मात्र नंतरच्यांनी घातलेली भर असावी.

दुसरी हकिकत ग्लेन्कोची. मला तीच जास्त लागली. १ जानेवारी १६९२ च्या आत राजा विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. मॅकडोनाल्डांचा म्हातारा प्रमुख मॅकियन मुदतीत निघाला, पण त्याला दुसऱ्या गावी पाठवलं आणि शपथ ६ तारखेला झाली. एवढाच गुन्हा! फेब्रुवारीत कॅप्टन कॅम्पबेल शंभरावर शिपाई घेऊन आला. गावाने त्यांना घराघरांत ठेवून घेतलं, बारा दिवस जेवू घातलं. १३ तारखेच्या पहाटे त्याच शिपायांनी तीसेक माणसं मारली. मॅकियन अंथरुणातून उठत होता. बायका-मुलं बर्फात पळाली. त्यातली काही गारठून गेली.

कादंबरीत निदान शब्द मोडल्याचा राग तरी आहे. इथे वरून आलेला कागद, बस्स. पुस्तकात पुढे सूड घेणारे उभे राहतात. ग्लेन्कोच्या १६९५ च्या चौकशीत 'खून' म्हटलं गेलं, पण फासावर कुणीच गेलं नाही.

आणि मार्टिननी न घेतलेली एक गोष्ट. कॅम्पबेलची भाची त्याच गावात, मॅकियनच्या धाकट्या मुलाला दिलेली होती. मामा रोज सकाळी तिच्या घरी जाऊन पेला घ्यायचा. भरून कोण देत असेल? बहुधा तीच.

पुस्तक लेकीला परत दिलं. चौथा भाग मागवलाय.