कॅथलॅबमधली नोकरी आणि तीन मुलाखती

माझ्या भाचीने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकलची पदवी घेतली, विषय कॅथलॅब. अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी जिथे होते ती खोली म्हणजे कॅथलॅब. सोलापुरातल्या एका इस्पितळात दोन वर्षे काम केल्यावर ती एक दिवस घरी म्हणाली, "मला कंपनीत जायचंय, क्लिनिकल सेल्समध्ये." तिच्या अम्मीला वाटले, पोरगी एवढी शिकून बॅग घेऊन दवाखाने फिरणार. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. शाळेत दहावीच्या मुलांना करिअरविषयी सांगणारी मी, पण माझ्या यादीत हे काम नव्हतेच.

मग तिनेच आम्हाला समजावले. औषध कंपनीचा एमआर डॉक्टरांना दोन मिनिटे भेटतो आणि निघतो. इथे कंपनीचा माणूस शिशाचा जड एप्रन घालून प्रत्यक्ष कॅथलॅबमध्ये उभा असतो. पेशंटला हात लावायचा नाही, पण कोणता स्टेंट, कोणत्या मापाचा, कोणता बलून, पेसमेकर बसवला तर त्याची सेटिंग तपासायची, यात डॉक्टरांना मदत करायची. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार उपकरणांचे चार वर्ग केले आहेत. स्टेंट आणि पेसमेकर सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात येतात. म्हणून या नोकरीसाठी नर्सिंग, बी. फार्म., बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा तिच्यासारखे पॅरामेडिकल शिकलेले उमेदवार घेतात.

पहिली मुलाखत पुण्यात झाली. हृदयाच्या धमन्या विचारल्या, तिने कागदावर काढून दाखवल्या. मग समोरच्या साहेबांनी एका बलूनचे नाव घेऊन विचारले, "डॉक्टर विचारतायत, जास्तीत जास्त किती प्रेशरपर्यंत फुगवू?" तो बलून तिने कधी हाताळला नव्हता. तरी ती झटकन म्हणाली, "सोळा." साहेबांनी ड्रॉवरमधून डबा काढून पुढे ठेवला. त्यावर रेटेड बर्स्ट प्रेशर चौदा छापले होते. त्यापुढे गेल्यास बलून फुटायचा धोका, आणि तो कुठे, तर माणसाच्या हृदयाच्या धमनीत. साहेब एवढेच म्हणाले, "डबा मागितला असता तर दिला असता."

पुढचा प्रश्न होता, "रात्री दोनला फोन आला तर येणार का?" हार्ट अटॅकचा पेशंट दारात आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत धमनी उघडावी असा प्रयत्न असतो, त्यामुळे हा प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. भाची म्हणाली, "घरी विचारून सांगते." आठ दिवसांनी नकाराचा मेल आला.

ती रडली. डब्याबद्दल "बघून सांगते" म्हणायला हवे होते तिथे ती छातीठोक बोलली, आणि घराबद्दल पक्के उत्तर हवे होते तिथे "विचारून सांगते" म्हणाली. पण दुसऱ्या चुकीत मला तिच्यापेक्षा आम्हीच जास्त दिसलो. मुलगी मुलाखतीला निघाली तेव्हा नवा ड्रेस कोणता, डब्यात काय, एवढेच आम्ही बोललो होतो. रात्री जाऊ द्यायचे की नाही, हे कोणी काढलेच नव्हते.

त्या रविवारी आम्ही सगळे बसलो. तिच्या अब्बांना आधी पटेना. मामूंनी विचारले, "हीच पोरगी इस्पितळात नाइट ड्युटी करत होतीच ना?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते. ठरले ते असे: रात्री अब्बा किंवा भाई सोडतील आणि आणतील, लातूर-धाराशिवला जायचे तर त्याच दिवशी परत. मग तिने कंपनीला विचारायच्या गोष्टी वहीत लिहिल्या. पगार किती आणि इन्सेन्टिव्ह किती, टार्गेट कोणाच्या नावावर, इस्पितळाकडून थकलेल्या पैशांची वसुली कोण करणार, प्रवासखर्च, आणि किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज मिळणार की नाही. शेवटचा प्रश्न मला सर्वांत शहाणपणाचा वाटला.

दुसरी मुलाखत ऑनलाइन, एका वितरकाची. तिथे विचारले, "मोठ्या डॉक्टरांच्या घरी लग्न आहे, काय पाठवाल?" ती म्हणाली, "मुबारकबाद." समोरचे हसले. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने 2024 मध्ये उपकरण कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली आहे, तिच्यात डॉक्टरांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भेटवस्तू द्यायला मनाई आहे. पण तिथून पुढे काही कळवलेच नाही. तो प्रश्न तिची परीक्षा होती की खरीच अपेक्षा होती, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. तिचे अब्बा म्हणाले, "बरं झालं."

याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी हाडांच्या इम्प्लांटच्या कंपनीत मुलाखत देऊन आला. त्याच्या हातात प्लास्टिकचे हाड, प्लेट आणि स्क्रू देऊन विचारले होते, साडेतीन मिलिमीटरच्या कॉर्टिकल स्क्रूला ड्रिल किती? उत्तर अडीच. याने सांगितले, "माहीत नाही, दाखवा." दाखवले, आणि घेतलेही.

तिसऱ्या मुलाखतीत भाचीसमोर एक साहेब वैतागलेले डॉक्टर झाले. "तुमचाच स्टेंट का घेऊ?" स्वस्त आहे म्हणून घ्या, हे इथे फारसे चालत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा साधा 7,260 रुपये आणि औषधाचा लेप असलेला 29,600. आकडे नंतर बदलले, मर्यादा राहिली. तिने उलट विचारले, "सर, तुम्हाला कोणत्या केसमध्ये अडचण येते? बारीक धमनी की वळणाची?" मग कोणती मापे रात्री इस्पितळातच ठेवता येतील, यावर बोलली. दोन महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाचे काय, हेही विचारले. तो पुढे ठेवून आधी वापरायचा, नाही तर वेळेत परत मागवायचा, हे तिला इस्पितळातल्या कपाटामुळे माहीत होते. बलूनचा प्रश्न इथेही आला. तिने डबा मागितला.

स्कार्फबद्दलही विचारले. तिने सांगितले, "आत बाहेरचा कपडा चालत नाही. केस आणि मान झाकणारा सर्जिकल हूड मिळतो, दोन वर्षं तोच घालते." पुढचा प्रश्न लगेच प्रवासखर्चावर गेला.

ऑर्डर आली, ट्रेनिंग झाले. रात्रीचा पहिला फोन गेल्या महिन्यात पावणेदोनला आला. अब्बांनी स्कूटर काढली, तिला इस्पितळाच्या दारात सोडले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. दोघे परतले तेव्हा फजरची अजान होत होती. तिच्या अम्मीने दार उघडताच आधी पेशंटचे विचारले.