ठोक्याच्या अलीकडे

इगतपुरीला इंजिनांचं अप्रूप नाही. कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या रेल्वेगाडीला १:३७ चा चढ आहे, म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. गावात महिंद्राचा कारखाना आहे, तिथे इंजिनंच बनतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्याच घाटाने मुंबईच्या मोटारसायकली वर येतात आणि त्यांत नारिंगी केटीएम दिसतेच. नाव ऑस्ट्रियाचं, पण ३९० बनते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २०१३ मध्ये ड्यूक आली, २०१४ मध्ये आरसी. तिच्या त्या पहिल्या इंजिनाविषयी मला लिहायचं आहे, कारण ट्यूनिंग शिकायला याहून चांगलं इंजिन आपल्याकडे क्वचितच मिळेल.

एकच सिलिंडर, ८९ मिमी बोअर, ६० मिमी स्ट्रोक, ३७३.२ सीसी. कॉम्प्रेशन साडेबारास एकच्या आसपास, ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. जुन्या बिडाच्या बुलेटचं कॉम्प्रेशन याच्या निम्म्यावर असे. म्हणजे हे इंजिन कारखान्यातूनच ताणलेलं येतं, आणि ट्रॅकवर नेणाऱ्याला ते आणखी ताणायचं असतं.

हिशेब करून पाहावा. साडेबाराच्या कॉम्प्रेशनला पिस्टन टॉपला असताना वर साधारण ३२.५ सीसी जागा उरते. ते १४ वर न्यायचं तर ही जागा २८.७ सीसी करायला हवी. फरक पावणेचार सीसीचा, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. ८९ मिमीच्या बोअरवर तो पसरला की उंची भरते ०.६ मिमी. लेथवाल्याकडे हेडला फेस मारून किंवा पातळ पॅकिंग घालून एवढं सहज निघतं, आणि इथेच अनेकांचा घात होतो. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. कॅम क्रँकच्या जवळ आल्याने टायमिंग चेन किंचित सैल पडते आणि कॅमचं टायमिंग मागे सरकतं. म्हणून जाणता माणूस आधी काचेसारखी प्लॅस्टिकची पट्टी हेडवर बसवून ब्युरेटने तेल सोडतो आणि खरी जागा मोजतो. पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने फिरवतो. मग हेड उघडून चपटलेली गोळी कापतो आणि तिची जाडी मोजतो. या कामाला अर्धा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा.

या खटाटोपातून मिळतं किती? पुस्तकातल्या आदर्श ऑटो सायकलचं सूत्र लावलं तर साडेबारावरून १४ वर गेल्याने कार्यक्षमता जेमतेम अडीच टक्के वाढते, म्हणजे ४३ अश्वशक्तीवर साधारण एक. त्या एका अश्वशक्तीपायी इंजिन ठोक्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलेलं असतं.

ठोका, म्हणजे नॉकिंग. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पसरत असताना कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. डिझेल इंजिनात दाबाने पेटणं हाच कामाचा भाग असतो. पेट्रोलमध्ये ते पिस्टनच्या मुळावर उठतं. बोअर जितका मोठा तितकी ज्वालेला वाट लांब, आणि ८९ मिमी हा एका सिलिंडरला मोठाच बोअर. इथे ऑक्टेन कामाला येतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची आपोआप पेटण्याला तग धरण्याची क्षमता. त्यात जास्तीची ऊर्जा नसते. इथेनॉलचं ऑक्टेन १०८-१०९ असूनही लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

ऑक्टेन वाढवण्याचा जगाचा पहिला मोठा उपाय विषारी निघाला. १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजलीने टेट्राएथिल लेडचा ठोका रोखण्याचा गुण शोधला. स्वस्त ऑक्टेनच्या मोहात कैक दशकं शहरांच्या हवेत शिसं ओतलं गेलं आणि त्याची किंमत मुलांच्या मेंदूंनी मोजली. भारतात ते २००० साली थांबलं. आज इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळतं. ते १ डिसेंबर २०२० रोजी आलं, मथुरा रिफायनरीत बनतं, आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. तेव्हा भाव होता लिटरला १६० रुपये. एवढ्या किमतीमुळे माणूस बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरकडे वळतो. तिथे ‘सात पॉइंट’ लिहिलेलं असेल तर सहसा ते ०.७ ऑक्टेन असतं: ९५ चं ९५.७. बूस्टरमधल्या मँगनीजच्या एमएमटीने किंवा लोखंडाच्या फेरोसिनने प्लगवर तांबूस थर बसतो. ट्यूनरचं मोठं नुकसान हेच, कारण प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरचे बारीक काळे किंवा चकाकते ॲल्युमिनियमचे ठिपके ही ठोक्याची पहिली खूण असते, आणि ती या थराखाली झाकली जाते. मला विचाराल तर पंपावरचं १०० ऑक्टेन बाटलीपेक्षा केव्हाही बरं. शर्यतीचं नियमपुस्तक मात्र आधी वाचावं; आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या (एफआयएम) इंधन-नियमांत वरची मर्यादा १०२ आहे.

उघड्या सायलेन्सरच्या आवाजात ठोका ऐकू येत नाही. या बोअरला त्याची कंपनं सेकंदाला सहा हजारांच्या आसपास असतात. म्हणून तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून इंजिनच्या ब्लॉकला बोल्टाने कसतात, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कानापर्यंत नेतात. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ठिणगीचं टायमिंग एकेक अंशाने पुढे घेत, ऐकत जायचं. कधी ठोका येण्याआधीच टॉर्क वाढायचा थांबतो. तिथे जास्तीच्या ऑक्टेनने काहीही मिळणार नाही. साध्या पेट्रोलवर परतावं. ठोका आधी आला तरच महाग इंधनाचा उपयोग.

इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवाही तितकीच कमी भरते आणि ठोका दूर राहतो. पावसाळ्यात तर हवेतल्या बाष्पाने ठोका आणखी दबतो. इथे १४ च्या कॉम्प्रेशनवर टायमिंग दोन अंश जास्त पुढे घेतलं तरी इंजिन तक्रार करणार नाही. तेच इंजिन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलं, समुद्रसपाटीलगतच्या दाट, तापलेल्या हवेत, की पहिल्या काही फेऱ्यांतच पिस्टनची कड खायला लागू शकते. कोइमतूरचा कारी स्पीडवे उंचीने या दोन्हींच्या मधला. म्हणून घाटमाथ्यावर बसवलेला टायमिंगचा तक्ता जपून ठेवावा, पण खाली उतरताना दोन-तीन अंश मागे घेऊनच सुरुवात करावी, आणि पाच फेऱ्या झाल्या की प्लग काढून भिंगाखाली पाहावा.