खेचराच्या पाठीवरचा धंदा
मोरोक्कोतील मराकेश शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, अ‍ॅटलस पर्वतात, इमलिल हे गाव आहे. वस्ती बर्बर मुसलमानांची. पूर्वी अक्रोड, सफरचंद आणि शेळ्या-मेंढ्यांवर गुजारा होई. आज मोठी कमाई परदेशी पाहुण्यांना तूबकाल शिखरावर नेण्याची आहे. उंची ४,१६७ मीटर. उत्तर आफ्रिकेत याहून उंच शिखर नाही.

पाहुण्यांत युरोपातले विद्यार्थीही असतात. निसर्ग आणि गाव दोन्ही शाबूत राहतील असे पर्यटन कसे असते, हे पाहायला मास्तर त्यांना घेऊन येतात. जाणता वाटाड्या भाषण करीत नाही, आधी खेचर दाखवतो. सामान खेचरावर, खेचरामागे त्याचा मालक, मालकामागे घरची पाच-सात तोंडे, शिवाय चारा विकणारा वेगळा. मोटाररस्ता थेट वर नेला तर पाहुणा लवकर पोहोचेल, पण या सर्वांची रोजी जाईल.

पुढे डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते आणि पाण्याचे पाट लागतात. वर कोणी साबण लावून आंघोळ केली तर खालच्या गावाचे पाणी नासते, हे मुलांना तिथेच पटते. वाटेत सिदी शमहरूश यांचा दर्गा आहे. बिगरमुस्लिमांना आत प्रवेश नाही. मुले बाहेर थांबतात, चहा पितात. पाहुण्याने घराची अदब पाळायची असते, हे सांगावे लागत नाही.

खरा सवाल पैशाचा आहे. सहलीचे पैसे शहरातल्या किंवा परदेशातल्या कंपनीकडे जमा होतात. कंपनीने भाव पाडला की खेचरवाला कमी जनावरांवर जास्त ओझे लादतो. कापडाच्या बाजारात आपण हेच पाहतो. दुकानातली पावती केवढी आणि विणकराच्या हाती पडते केवढे! म्हणून स्वस्त सहल घेऊन आलेल्या मुलाने गालिच्यासाठी तासभर घासाघीस केली, तर वाटाड्याने त्याला विणायला किती दिवस लागले ते विचारायला सांगावे.

इमलिलमध्ये याला एक तोड निघाली. १९९५ साली ‘कस्बा दु तूबकाल’ हे निवासस्थान सुरू झाले. तेथे पाहुण्याच्या बिलावर पाच टक्के जादा आकारतात आणि ती रक्कम गावच्या संस्थेकडे जाते. त्यातून रुग्णवाहिका आली, हमाम झाला, कचरा उचलण्याची सोय झाली. पाच टक्के म्हणजे पाहुण्याला एका वेळच्या चहा-नाश्त्याइतके. गावाला मात्र दवाखाना गाठण्याचे साधन.

या धंद्याला धोकाही मोठा. डिसेंबर २०१८ मध्ये इमलिलजवळ दोन परदेशी तरुणींची हत्या झाली. त्यानंतर वाटाड्याशिवाय वर जाण्यास बंदी आली. पुढे करोना. मग ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. देशात सुमारे तीन हजार माणसे दगावली, या डोंगरातली घरे पडली, कस्ब्याचेही नुकसान झाले. पाहुणे थांबले. दरडींनी रस्ते बंद होते, तेव्हा वरच्या गावांना पीठ, पाणी आणि ब्लँकेटे पोहोचवली ती खेचरांनीच.