जीव वाचवायचा, आणि तिचा शब्दही ऐकायचा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हिशेब झाला, चहा झाला आणि दोघींनी दोन प्रश्न विचारले.

पहिली म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीला सासरच्यांनी वेड्यांच्या दवाखान्यात घातलंय. शेताच्या कागदावर अंगठा देत नव्हती, भांडत होती, एवढंच. तिला सोडवायचं कसं?"

दुसरी हळूच म्हणाली, "माझी जाऊ बाळंतपणापासून झोपत नाही, बाळाला जवळ घेत नाही. आता जगायचं नाही म्हणते. दवाखान्याचं नाव काढलं की नको म्हणते. तिचं ऐकायचं, की उचलून न्यायचं?"

बघा, एकीला बाहेर काढायचंय आणि दुसरीला आत न्यायचंय. दोघींचं उत्तर मात्र एकाच कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे.

या कायद्याचा पाया साधा आहे. आपल्या उपचाराचा निर्णय घ्यायची अक्कल प्रत्येक माणसाला आहे, असं आधी धरून चालायचं. बाई घेते तो निर्णय घरच्यांना चुकीचा वाटला, म्हणून तिला समजत नाही असं होत नाही. ती मोठ्यानं बोलते, चालीरीत मानत नाही, म्हणून ती आजारी ठरत नाही. पूर्वी कधी उपचार झाले होते, एवढ्यावरूनही नाही.

मग कुणालाच मनाविरुद्ध दाखल करता येत नाही का? येतं. पण त्याला अटी आहेत. आजार गंभीर हवा, आणि त्यामुळे ती स्वतःला इजा करते आहे किंवा तशी धमकी देते आहे, दुसऱ्याच्या अंगावर जाते आहे, किंवा स्वतःकडे बघताच येत नाही म्हणून तिच्या जिवाला धोका आहे, यातलं काहीतरी अलीकडेच घडलेलं हवं. स्वतःचा निर्णय घेणं त्या वेळी तिला जमत नाही, हेही दिसायला हवं. हे दोन जणांनी वेगवेगळं तपासून सांगायचं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. आणि दाखल करण्यापेक्षा सौम्य दुसरा मार्ग उरलेला नाही, हे त्यांनी लिहून द्यायचं. नवऱ्याच्या नुसत्या शब्दावर दार बंद करता येत नाही.

दिवसही मोजलेले आहेत. असं दाखल करणं जास्तीत जास्त ३० दिवसांचं. त्यापुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांची पुन्हा तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. त्यावर न्यायाधीश असतात, डॉक्टर असतात, आणि स्वतः आजारातून गेलेली किंवा अशा माणसांची काळजी घेणारी माणसंही असतात. बाईला असं दाखल केलं तर दवाखान्यानं ३ दिवसांत मंडळाला कळवायचं. पुरुषासाठी ही मुदत ७ दिवसांची आहे. बाईसाठी ती कमी का, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पहिलीला आम्ही सांगितलं, बहीण स्वतः मंडळाकडे अर्ज करू शकते. तिची संमती असेल तर नोंदणी झालेली संस्थाही करू शकते. मंडळानं ७ दिवसांत तपासून निर्णय द्यायचा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला तो फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००. अर्ज गेला आहे. आम्ही वाट बघतोय.

दुसरीला आम्ही विचारलं, "जाऊबाई नको का म्हणते?" तिला ते ठाऊक नव्हतं. घरात कुणी विचारलंच नव्हतं. आठ दिवसांनी तिचा फोन आला. जाऊ म्हणाली होती, "माझं बाळ काढून घेतील."

मैत्रिणींनो, कायद्यात त्याचंही उत्तर आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल दाखल झालेल्या आईपासून सहसा तोडायचं नाही. बाळाला आईकडून धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, तरच काही काळ वेगळं ठेवायचं, आणि तेव्हाही आईला त्याला भेटता आलं पाहिजे. हे कळल्यावर ती आशाताईंबरोबर जिल्हा रुग्णालयात गेली. दाखल करावं लागलंच नाही. गोळ्या घेऊन घरी आली.

पण ती तयार झालीच नसती तर? जगायचं नाही असं कुणी म्हणत असेल, तर 'तिची मर्जी' म्हणून तिला सोडून द्यायचं नाही. तिला एकटी ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर १०८ ला गाडी बोलवा. जीव वाचवण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. अशा वेळी तो माणूस मोठ्या ताणाखाली होता असं कायदा धरतो, त्याला शिक्षा नाही, उलट सरकारनं त्याची काळजी घ्यायची आहे.

आणि साखळी नको. कायद्यानं ती कुठल्याही प्रकारे बंद केली आहे. २००१ साली ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी इथं एका आश्रमाला आग लागली. तिथली आजारी माणसं साखळीनं बांधलेली होती. पळता आलं नाही. २५ हून जास्त माणसं गेली. बरं करायला म्हणून नेलेली माणसं होती ती. भूत उतरवायला बांधून मारणं हा तर आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे.

आता एक काम पुढच्या बैठकीत करा. आपण आजारी पडलो आणि सुचेनासं झालं, तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे आजच लिहून ठेवता येतं. कायदा त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतो. साधा कागद चालतो, सही किंवा अंगठा चालतो. आई, बहीण, मैत्रीण, कुणीही सज्ञान माणूस चालेल, फक्त त्याची लेखी तयारी हवी. मन बदललं तर नावही बदलता येतं. नाव लिहिलेलं नसेल तर नातेवाइकालाच विचारलं जातं, आणि त्यात सासरही आलं. त्या पहिलीच्या बहिणीनं असा कागद केलेला नव्हता.

तेव्हा बचतीच्या वहीशेजारी हा एक कागद ठेवा. आणि गटात कुणी गप्प गप्प दिसली, तर आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा. भेटू पुढच्या भागात.