खडखडणाऱ्या काचांचे निदान

जुनी मोटार घरात राहते ती हिशोबाने नव्हे, तर ऋणानुबंधाने. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने आलेली तिचीच आवृत्ती, आपल्या व्यवसायातील मागच्या पिढीची जणू सहकारीच होती. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढच्या दारातील त्रिकोणी काच ही तिची ओळख. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही निवृत्त झाली.

आमच्याकडे वडिलांची १९७८ सालची पद्मिनी आहे. इंजिन निरोगी; पण काचांचा खडखडाट आणि फटींतून येणारा वारा असह्य झाला. इंदूरच्या जानेवारीतील थंडीत वृद्ध आईला मागच्या आसनावर बसवेना आणि गाडी काढून टाकण्याची भाषा घरात सुरू झाली. एका गॅरेजने पुठ्ठ्याच्या घड्या खोचून दिल्या, दुसऱ्याने काचा सिलिकॉनने कायमच्या चिकटवण्याचा सल्ला दिला. हे म्हणजे तापाचे कारण न शोधता पॅरासिटामॉल देत राहणे!

निदान सोपे आहे, फक्त क्रम पाळावा. प्रथम दार उघडून खालून उचलून पाहावे. ते वरखाली हलत असेल, तर बिजागरीच्या पिना झिजल्या आहेत. त्या बदलल्याशिवाय नव्या रबराचा उपयोग नाही. नंतर काच अर्धी उतरवून हाताने हलवावी. ती दोन्ही बाजूंना खेळत असेल, तर चौकटीतील फेल्टची चॅनेल पट्टी झिजलेली असते. काच पूर्ण उतरवल्यावरही दाराच्या पोटात आवाज येत असेल, तर विंडो मशीन किंवा काचेच्या बुडाशी असलेली रबरी पट्टी सैल झालेली असते. वाऱ्यासाठी कागदाची पट्टी दाराच्या रबरावर ठेवून दार लावावे. ती अडथळ्याविना बाहेर आली, तर वारा तेथूनच शिरतो.

दुरुस्तीसाठी आतील पॅड काढावे लागते. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल, तर नवा लावावा. तो पॅडला पाण्यापासून वाचवतो आणि वाराही अडवतो. जुनी फेल्ट पट्टी काढून खोबणीतील गंज खरवडावा, प्राइमर लावावा आणि मगच नवी पट्टी बसवावी. त्रिकोणी काचेशेजारच्या उभ्या दांड्याचा खालचा बोल्ट अवश्य तपासावा. कित्येकदा सगळा खडखडाट तेवढ्यामुळेच असतो. मात्र तो अति आवळला, तर काच जड चालते आणि विंडो मशीनचे दाते झिजतात. बाजूची काच टफन्ड असते. तिच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरने जोर दिल्यास क्षणात तिचा चुरा होतो.

दोन पथ्ये आहेत. रबराला तेल वा ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे पुरतो. दुसरे, दाराच्या तळाची भोके बुजवू नयेत. काचेलगत थोडे पाणी आत उतरणारच, ते तेथूनच बाहेर पडते. भोके बुजली, की दार आतून कुजते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाऱ्याबरोबर धुराचा वास येत असेल, तर काचा बाजूला ठेवून आधी सायलेन्सर आणि डिकीचे रबर तपासावे. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. म्हणून धुराचा वास हीच पूर्वसूचना समजावी आणि दुरुस्ती होईपर्यंत लहान मुलांना त्या गाडीत बसवू नये.

आमच्या गाडीच्या चारही दारांचे काम दोन रविवारांत झाले. भंगाराची बोलणी थांबली. आपल्यापैकी ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी सखी आच्छादनाखाली उभी असेल, त्यांनी तिला निरोप देण्यापूर्वी एकदा तिची नीट तपासणी करावी. पुष्कळदा वार्धक्य समजून आपण ज्याच्यापुढे हात टेकतो, तो केवळ बरा होण्याजोगा आजार असतो.