पैनगंगेपलीकडची वही
विदर्भातून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ट्रकचालकांची सतत ये-जा असल्याने तेथे एचआयव्ही प्रतिबंध केवळ दवाखान्यात बसून साधत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्यात राज्यांना तांत्रिक साहाय्य गट मिळाले, म्हणजे नियोजन, प्रशिक्षण व नोंदींची पडताळणी यांत मदत करणारी तज्ज्ञ मंडळी. हे काम कागदी भासते खरे, पण ते अखेर सहशिक्षिकेच्या, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधूनच निवडलेल्या कार्यकर्तीच्या, वहीपाशी येऊन ठेपते: तिच्याकडील साधारण ६० स्त्रियांपैकी कोणाला किती निरोध पोहोचले, कोणाची रक्ततपासणी राहिली. देशात एचआयव्हीविरुद्धचे काम असे वहीपर्यंत पोहोचते; याच लढ्यात आफ्रिकेला भारताची ठळक मदत मात्र औषधांची. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला.